सरकारांच्या मागे

वाघेरीच्या सरकारांना मोटारशर्यतींचं भारी वेड, पण हरणं सोसत नसे. त्यांच्याच पदरी दस्तगीर शिकलगार नावाचा ड्रायव्हर होता. त्याने ओळीने तीन वर्षं अजिंक्यपदाचा कप आणला होता आणि तो कप सरकारांच्या डोळ्यांत खुपत होता.

एके दिवशी सरकार म्हणाले, "दस्तगीर, उद्या मैदानाला दहा फेऱ्या. तू आणि आम्ही. हरलास तर कप आमचा. आणि आमची मोटार ओलांडून गेलास, तर नोकरी गेली म्हणून समज."

दरबारी गालातल्या गालात हसले.

"जी सरकार," दस्तगीर म्हणाला. "सुरुवातीला तेवढं मला पुढे उभं राहू द्या. मला ओलांडायची मौज सरकारांना मिळेल."

सरकार खूष झाले.

दुसऱ्या दिवशी निशाण पडलं नि दस्तगीर धुरळ्यात दिसेनासा झाला. बऱ्याच वेळाने पाहिलं तर तो मागे हॉर्न वाजवत येत होता. धुरळ्यात आपण कधीतरी त्याला ओलांडलं असणार, असं सरकारांनी ठरवून टाकलं.

शर्यत संपताच ते हारासाठी मान पुढे करूनच उतरले. "शेवटपर्यंत आमच्या मागेच राहिलास की."

"हुकूमच होता, सरकार. पण आपल्या मागे यायला मला अख्खं मैदान फिरावं लागलं. माझ्या दहा फेऱ्या झाल्या, आपल्या नऊ."

पंचाने नाइलाजाने मान डोलावली.

"मग हॉर्न कशाला बडवत होतास?" सरकार कडाडले.

"ओलांडायची मनाई होती ना, सरकार. आपण जरा जोरात हाकली असती, तर मी लवकर जिंकलो असतो."