फोडलेला जुग

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. मावशीने तसं बजावलं होतं. धाकट्यांसमोर तर नाहीच, तिचा शेवट त्यांना सोसायचा नाही. पण कुणीतरी ऐकायला हवी, म्हणून सांगते.

एका राज्यात लग्नाच्या दिवशी वधूवरांच्या ओंजळीत दोन सोंगट्या दोऱ्याने बांधून देत. सारीपाटावर एका घरात बसलेल्या दोन सोंगट्या म्हणजे जुग. जुगाला कुणी मारू शकत नाही. म्हणून त्या राज्यात जुग फोडणं अशुभ मानत. माणसं डाव हरत, पण जुग फोडत नसत.

तिथल्या सुबाहू राजाने तमालक नावाच्या मांत्रिकाच्या गुहेतून सोन्याचा घडा उचलून आणला. घडा शापित होता. राजा आणि राणी चारुमती उभ्या जागी लाकडी सोंगट्या झाली. तमालक दरबारात आला. त्याच्या खांद्यावर बोलकी साळुंकी होती.

राजकन्या शर्वाणीला तो म्हणाला, "तीन डाव. एक जिंकलीस तरी सगळं परत. तिन्ही हरलीस तर ही दोघं माझ्या चुलीत."

फासे दोन होते. प्रत्येकावर एक, दोन, पाच आणि सहा. दोन्हींची बेरीज एकाच सोंगटीने चालायची. जुग चालवायचा तर दोन्ही फाशांवर सारखं दान पडायला हवं. दान नको असेल तर सोडून देता येई. मेलेली सोंगटी पटावर परतत नसे. ती माणूस असेल तर कायमची लाकूड होई.

शर्वाणीने आईवडिलांचा जुग केला आणि तो जपला. तमालकाच्या एकट्या सोंगट्या जुगासमोरून बेधडक निघून जात. मारायला जुग फोडावा लागला असता.

साळुंकी म्हणे, "मालक, खुशाल जा. ही मंडळी मारत नाहीत, नुसती जोडीने मिरवतात."

पहिला डाव गेला, नदी आटली. दुसरा गेला, घरोघरचा विस्तव विझला. लोक कोरड्या पिठाचे गोळे चघळू लागले.

तिसऱ्या डावात शर्वाणीच्या बाकी सोंगट्या घरी पोचल्या. पटावर फक्त आईवडिलांचा जुग उरला. त्याच्या एक घर मागे तमालकाची शेवटची सोंगटी. शर्वाणीने फासे टाकले. पाच आणि दोन.

"सोडा हे दान," म्हातारा प्रधान म्हणाला. "जुग फोडू नका, ताईसाहेब. पाया पडतो."

शर्वाणीने बोटांवर मोजलं. एकूण दानं सोळा. जुग हलवणारी चार, बारा वाया. थांबलं तर तमालक घरी पोचणार. आई सात घरं पुढे गेली, तर तिला मारायला बरोबर आठ हवेत. दोन-सहा किंवा सहा-दोन. सोळातली दोनच.

पटावरून बारीक आवाज आला. "मोजलंस का, शर्वाणी?"

"मोजलं, आईसाहेब."

"मग थांबलीस कशाला?"

"मला पाठव पुढे," राजा म्हणाला.

"महाराज, तुमचे गुडघे आधीपासूनच लाकडाचे आहेत," राणी म्हणाली. "मीच जाते. फोड, बाळ."

शर्वाणीने जुग फोडला. दरबारातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

तमालकाने फासे टाकले. सहा आणि दोन.

"मालक, सोडा," साळुंकी म्हणाली. "राणीच्या घरात गेलात तर मागे राजा राहील, सात घरांवर. सात चार तऱ्हांनी पडतात."

"ही पोर आता फासे उचलायचीसुद्धा नाही," तमालक म्हणाला आणि त्याने राणीला मारलं. सोंगटी उडून फरशीवर पडली. लाकूड वाजावं तशीच वाजली.

शर्वाणीने ती मुठीत घेतली. हिशेबात चूक नव्हती. तो तिने पुन्हा केला, आणखी एकदा केला. दोनच होती.

"टाक, बाळ," राजा पटावरून म्हणाला. "मी अजून उभा आहे."

तिने डाव्या हाताने फासे टाकले. एक आणि सहा.

राजाने तमालकाची शेवटची सोंगटी मारली. त्याच क्षणी तमालक राख झाला आणि साळुंकी खिडकीतून उडून गेली. नदीला पाणी आलं. घरोघरी चुली पेटल्या. राजा माणूस होऊन पटाशेजारी उभा राहिला. शापातलं त्याला काही आठवत नव्हतं. शाप उतरला की आठवण पुसली जाई, असा नियमच होता.

"पोरी, तुझी आई कुठे?" त्याने विचारलं.

प्रधानाने मान फिरवली. शर्वाणीची मूठ मिटलेलीच होती.

"आबासाहेब, सोळातली दोनच होती," ती म्हणाली. "आणि आईसाहेब स्वतः म्हणाल्या होत्या, की..."

जिन्यातून दादा हाक मारतो आहे. आले रे, एवढं एकच वाक्य. तर राजकन्येने मूठ उघडली आणि ती म्हणाली, "तुम्हीसुद्धा तिथेच होतात, आबासाहेब, तुम्ही तर मला 'टाक, बाळ' म्हणून..." आले रे दादा, आले!