दुनळी जमा झाली तेव्हा

"लपवून ठेवली तर कोणाला कळणार आहे, उस्ताद?"

असं म्हणून संयोगिताने चादरीत गुंडाळलेली दुनळी बंदूक खाटेवर ठेवली.

उस्ताद लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पोलिसांना कळेल," त्या म्हणाल्या. "आणि तुला."

उस्ताद म्हणजे गजराबाई शेळके. जन्मभर पोलिसांत शिपायांना हत्यार चालवायला शिकवलं. तिकडे सगळे उस्ताद म्हणायचे, ते नाव निवृत्तीनंतर गावातही मागे आलं. गावाबाहेर जुनी दगडाची खाण आहे, तिथे रायफल क्लबाची चांदमारी. दर रविवारी उस्ताद तिथे बायकांना नेमबाजी शिकवायच्या. अंगणवाडीच्या बाई, रात्रपाळी करणारी नर्स, डेअरीवाल्यांची सून... गावाने आधी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. मग तेच गाव आपल्या लेकी पाठवायला लागलं.

या सगळ्यांत संयोगिता भोईटे सर्वांत हुशार. आणि हे तिलाही पक्कं माहीत होतं.

नवरा सैन्यात, लडाखला. घर मळ्यात, गावापासून लांब. घरात ती, पहिलीतली लेक आणि थकलेली सासू. सासऱ्यांच्या माघारी त्यांची दुनळी तिने रीतसर आपल्या नावावर करून घेतली. ती काही हौस म्हणून नव्हे. चुलत दीर सर्जेराव हिच्या विहिरीची वाट बळकावायला टपला होता. रोज दिवेलागणीला हिच्याच बांधावर येऊन बसायचा. बोलायचा काही नाही. नुसता खाकरायचा, आणि अंधार पडला की बॅटरीचा झोत हिच्या खिडकीवरून फिरवायचा.

बस, एवढंच. पण एवढ्याने पोर झोपेतून दचकून उठायची.

दुनळी तिच्या नावावर झाली, गावभर बोभाटा झाला, आणि बांधावरचं खाकरणं बंद पडलं.

आता निवडणूक लागली होती. आचारसंहितेत परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची, निकाल लागल्यावर परत आणायची. तशी नोटीस आली होती.

"काल गिरणीत भेटला," संयोगिता म्हणाली. "डबा उचलून द्यायला पुढे झाला. हसून म्हणतो कसा, 'वहिनी, उद्या जमा करायचीय म्हणे?'"

लसणाची पाकळी ताटलीत पडली.

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही. डबा घेतला नि आले."

"मान खाली घालून?"

संयोगिता चादरीचं टोक उगाच सारखं करू लागली.

"धोका आहे म्हणून सवलत मागायचीस," उस्ताद म्हणाल्या.

"अर्ज केला. नाही म्हणाले."

"मग त्याची तक्रार कर."

"काय म्हणून? खाकरतो म्हणून?"

"खाकरतो म्हणून. झोत मारतो म्हणून. जे करतो ते सांगायचं."

संयोगिताचा बांध फुटला.

"उस्ताद, बोलणं सोपं आहे! सहा महिने तुम्ही मला बंदुकीला हात लावू दिला नाहीत. हातात वरवंटा दिलात आणि खाणीत उन्हात उभं केलंत. पाय रोव. खांदा सैल सोड. श्वास पोटात घे. पापणी हलवू नको. बाकीच्या हसायच्या, भोईटेबाई खाणीत चटणी वाटायला आल्या म्हणून. पुढे बंदूक दिलीत तर माझे नेम मधोमध लागायचे, आणि तुम्ही एकदाही निशाणाकडे बघितलं नाहीत. नुसते धुळीतले पायाचे ठसे बघत बसायचात. मी सगळं सोसलं. का? तर घरात बंदूक असेल. आणि आता तीच..."

"वरवंटा आहे ना घरी?"

"उस्ताद!"

"विचारलं आपलं."

उस्ताद उठल्या. हात धुतले. कपाट उघडून स्वतःचं रिव्हॉल्व्हर काढलं, रिकामं असल्याची खात्री केली आणि पिशवीत ठेवलं.

"चल. मलाही जमा करायचंय."

"मागच्या वाटेने जाऊ?"

"भर पेठेतून जायचं. आणि ती चादर काढ आधी. लाजायला ती काय नवी नवरी आहे? तिच्या खोळीत घाल आणि खांद्याला लाव."

पेठेतून दोघी चालल्या तेव्हा पानाच्या टपरीवरचं बोलणं थांबलं. सलूनवाल्याचा वस्तराही थांबला म्हणे, गालावर साबण तसाच.

ठाण्यात हवालदाराने दुनळी उलटसुलट करून पाहिली.

"घरात पुरुषमाणूस नाही वाटतं, ताई?"

"आहे की," संयोगिता म्हणाली. "तिकडे सीमेवर तुम्हालाच राखतोय."

हवालदार गोरामोरा झाला. आपलं रिव्हॉल्व्हर आधीच जमा करून बाकड्यावर बसलेल्या उस्ताद खिडकीबाहेर बघत राहिल्या. संयोगिताने पावती घेतली. दाराशी गेली. थांबली. परत आली आणि सर्जेरावाचं सगळं सांगितलं, खाकरण्यासकट. हवालदाराने या वेळी मुकाट्याने लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर खांदा एकदम हलका वाटला. आणि छातीत धोंडा.

मळ्याकडे जायला ओढा ओलांडावा लागतो. ऊन उतरत आलं होतं. ओढ्यापलीकडे बांधावर कोणीतरी बसलं होतं.

सर्जेराव.

"उस्ताद..."

उस्ताद वाटेवरच्या दगडावर बसल्या होत्या आणि चप्पल काढून झटकत होत्या.

"खडा गेलाय. तू हो पुढे."

"एकटी?"

उस्तादांनी दुसरी चप्पलही काढली.

संयोगिताने ओढा ओलांडला. सर्जेराव उठला, पॅन्ट झटकली आणि वाटेच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"झाली का जमा, वहिनी? आता काय... हात रिकामे."

तिची मान खाली जायला निघालीच होती.

पण पाय तिला न विचारता रोवले गेले. डावा पुढे, उजवा मागे. खांदे सैल सुटले. श्वास पोटात उतरला. नजर त्याच्या दोन भुवयांच्या मधोमध जाऊन बसली आणि तिथेच राहिली.

पापणी हलली नाही.

ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं.

सर्जेराव हसला. मग हसू ओसरलं. मग तो खाकरला, पण हे नेहमीचं खाकरणं नव्हतं. घसा कोरडा पडल्यावर माणूस खाकरतो, तसलं होतं.

"तसं नव्हे वहिनी... मी आपलं सहज विचारलं."

"भाऊजी," ती हळू आवाजात म्हणाली, "हा बांध माझा आहे. उद्यापासून इथे बसायचं नाही. आणि खिडकीवर झोत आला, तर सकाळी मी ठाण्यात असेन. आज तुमचं नाव सांगूनच आलेय."

तो बाजूला झाला. बाजूला होताना पाय चिखलात गेला, तरी थांबला नाही.

तो उसाआड दिसेनासा झाला. संयोगिता तिथेच मटकन बसणार होती, एवढ्यात उस्ताद ओढ्यातून आल्या, दोन्ही चपला हातात.

"बघा ना, उस्ताद, कशी कापतेय मी."

"काप. आता काही हरकत नाही."

लांबून घरातून लेकीच्या गाण्याचा आवाज येत होता. सासू तिला ओरडत होती. संयोगिता ऐकत राहिली आणि एकदम हसली. मग डोळे पुसले.

"उस्ताद, तो हटला कशाने? माझ्या हातात तर काहीच नव्हतं."

उस्तादांनी हातातल्या चपला खाली टाकून पायात सरकवल्या.

"निकाल लागला की आपण दोघी दुनळी आणायला जाऊ," उस्ताद म्हणाल्या. "पेठेतूनच. उद्या रविवार आहे. खाणीत ये."

"पण क्लबाच्या बंदुकाही कुलपात गेल्यात. येऊन करू काय मी?"

उस्ताद वाकल्या. वाटेच्या धुळीत संयोगिताच्या पायाचे दोन ठसे खोल उमटले होते. त्यांनी ते बराच वेळ निरखले, डोळे बारीक करून.

"डावा पाय अजून दोन बोटं पुढे हवा होता."