राधाक्काची काहील

वारणाकाठच्या शिरसमळीत श्रीकेवळनाथ महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. महाराज मारुतीच्या देवळात उतरले की गावाला सण असल्यासारखे वाटे. त्यातून दिवस गुऱ्हाळांचे! सारे शिवार गुळाच्या वासाने भरून गेलेले. लेकीचे लग्न म्हणा, घरावरची कौले म्हणा, शिरसमळीचा सगळा भरवसा या उसावर. ऊस गाळायचा चरक मात्र गावात एकच, खंडेराव इंगवल्यांचा. ज्याची पाळी येईल त्याने ऊस तोडून तिथे न्यायचा.

त्या गुऱ्हाळावर भिवबा गुळव्या होता. उकळता पाक नेमका कधी उतरवायचा, हे भिवबानेच सांगावे. जरा आधी उतरवला तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. त्याचे हात कामात, पण ओठांवर अखंड विठ्ठलनाम. खंडेरावांना तेच खुपायचे. "नाम घेतल्यानं गूळ पिवळा हुतोय व्हय रं?" असे चारचौघांत विचारून ते खो खो हसत. भिवबाही बिचारा त्यांच्याबरोबर हसे.

गुऱ्हाळावर आलेल्याला रस पाजल्याशिवाय पाठवायचे नाही, ही गावोगावची रीत. खंडेरावांनी त्या वर्षी ती मोडली. "माझा चरक हाय, पाणपोई न्हाई," म्हणाले!

एके दुपारी राधाक्काच्या उसाच्या रसाची काहील, म्हणजे ती भली थोरली कढई, चुलाणावर होती. राधाक्का एकटी बाई, वीस गुंठे उसाची धनीण. तिची वर्षाची भाकरी त्या एका काहिलीत होती. पाक घट्ट होत आला, भिवबा डोळ्यांत तेल घालून उभा होता. एवढ्यात बांधावरून महाराज आले आणि म्हणाले, "बाळांनो, घसा सुकलाय. घोटभर रस द्या."

"फुडं जावा, बुवा!" खंडेराव खेकसले आणि चरकाकडे निघून गेले. महाराज उन्हात चालू लागले.

भिवबाच्या जिवाची उलघाल झाली. जावे तर राधाक्काचा गूळ जातो, न जावे तर संत तहानेला जातो! त्याने तिच्याकडे पाहिले. ती माउली म्हणाली, "जा भिवबा. करपला तर करपू दे. माझ्या उसाचा हितं ढीग, आन् साधू कोरड्या घशानं जातोय, हे मला सोसायचं न्हाई."

भिवबाने रसाची कळशी आणि तांब्या उचलला आणि "पांडुरंगा, बघ रे बाबा," म्हणून तो पळत सुटला.

महाराज पलीकडच्या लिंबाखाली बसले होते. ते अगदी सावकाश रस पिऊ लागले. भिवबाचा सगळा जीव काहिलीपाशी, आणि महाराज म्हणतात, "अजून थोडा ओत."

तोच खंडेराव धोतर सावरत धापा टाकीत आले. भिवबाला वाटले, आता काही धडगत नाही. पण मालकांनी त्याच्याकडे डोळे फाडून पाहिले आणि तसेच माघारी पळाले. थोड्या वेळाने पुन्हा आले, पुन्हा पाहिले, पुन्हा पळाले!

"मालक असं का करत्यात, महाराज?"

"ऊस गोड आहे हो," महाराज म्हणाले आणि तांब्या पुढे केला.

महाराज उठले, तसा भिवबा गुऱ्हाळाकडे धावला. पाहतो तो काहील रिकामी आणि गूळ निववायच्या वाफ्यात हळदीसारखा पिवळा गूळ निवत पडलेला!

"आक्का, काहील कुणी उतरवली?"

"कुणी म्हंजे? आत्ता तूच तर उतरवलीस!" राधाक्का म्हणाली.

खंडेराव चुलाणाजवळ मटकन बसले होते. मागून महाराज येताच ते त्यांच्या पायांशी कोसळले.

"महाराज, ह्यो तिथं तुम्हांस्नी रस पाजत हुता, आन् हितं पाक ढवळत हुता. म्या दोनदा पळून बघितलं! आन् हितल्याला म्या शिव्या दिल्या. काहील सोडून कुठं उंडारतोस, म्हणून तोंडाला यील ते बोललो. त्यानं कपाळाचा घाम पुसला आन् म्हणाला, 'चुकलं, मालक.'"

ते ऐकून भिवबाला हुंदका फुटला. त्याच्या देवाने त्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या होत्या!

खंडेराव महाराजांचे पाय सोडीनात. महाराजांनी त्यांना हलकेच उठवले आणि म्हणाले, "माझ्या नको. ज्याच्या रूपाला शिव्या दिल्यास, त्याच्या पाया पड."

आणि ज्यांच्यापुढे सारा गाव वाकायचा, ते खंडेराव सगळ्या गुऱ्हाळादेखत भिवबाच्या राखेने माखलेल्या पायांवर डोके ठेवून लहान मुलासारखे रडले.