घंटीचं ओझं

फार जुनी गोष्ट नाही, टेकडीवरच्या झाडांना अजून आठवते. तिथल्या रानवाटेवर एक डोंगरी सायकल धावायची. वेग कमी पडतो म्हणून तिने आपली घंटी काढून टाकायला लावली. "तुझं ओझं होतं मला," ती घंटीला म्हणाली. वाटेच्या कडेला पडलेली ती घंटी रोज फिरायला येणाऱ्या कालिंदीआजींना सापडली. त्यांनी ती आपल्या काठीला बसवली.

रविवारी टेकडीवर ही गर्दी! माथ्यावरून सायकल आणि काठी एकदमच निघाल्या. काठी जवळच्या पायवाटेने. पुढे दोन्ही वाटा मिळतात, तिथे एक कुटुंब मधोमध चादर अंथरून भेळ कालवत बसलं होतं. घंटी वाजली. "या आजी," म्हणत सगळे उठले, काठी गेली, सगळे परत बसले.

मागून सायकल ओरडत आली, "सरका, सरका!"

"दिसत नाही का, भेळ कालवतोय?" कांदा चिरणारी बाई म्हणाली.

सायकल वळली ती थेट करवंदीच्या जाळीत.

पायथ्याशी काठी कठड्याला टेकून उभी होती. बऱ्याच वेळाने सायकल आली, दोन्ही चाकं पंक्चर.

"तू माझ्याआधी कशी पोहोचलीस?" तिने घंटीला विचारलं.

"चालत," घंटी म्हणाली.