न झालेली जखम

दुपारी तीन वाजता, एका बाईच्या पोटातल्या गावात ही घटना घडली. बाई वर धुणं वाळत घालत होती. खाली अंडाशयाच्या आळीत एका पेशीनं आपलं काम टाकलं आणि बोंब ठोकली, "धावा! जखम झाली, जखम!"

त्या गावाची एक रीत होती. जखम म्हटली की कुणी काही विचारायचं नाही. गवंड्यानं थापी घेऊन धावायचं, पाटकऱ्यानं रक्ताचा पाट तिकडे वळवायचा, चरबीमावशीनं शिधा पाठवायचा आणि राखणदारानं भाला खाली ठेवायचा. जखम भरली की ज्यानं त्यानं आपल्या घरी जायचं. रीत वाईट नव्हती. बाईची बाळंतपणं, तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन, सगळं या रीतीनंच भरून आलं होतं.

राखणदार पोचला तेव्हा गवंड्यानं भिंतीचा पहिला थर लावलासुद्धा होता. राखणदारानं सगळीकडे पाहिलं. चीर नाही, रक्त नाही, खपली नाही.

"जखम कुठाय?" त्यानं विचारलं.

"आत आहे. खोल. तुला नाही दिसायची," पेशी म्हणाली.

"मग दाखव की."

पेशीनं गळा काढला. "बघा हो गवंडीदादा! इथं माझा जीव चाललाय आणि हा पुरावा मागतोय."

"ए शहाण्या, तुझ्या बापानं कधी विचारलं होतं का जखम दाखवा म्हणून?" गवंडी खेकसला. "हो बाजूला. चुना वाळतोय माझा."

पाटकरी हसला. "अहो, आपल्या राखणदारसाहेबांना आजकाल भिंतीतपण चोर दिसतात."

राखणदार ओशाळला आणि बाजूला झाला.

मग व्हायचं ते झालं. पाटाचं रक्त पिऊन पेशी माजली. तिला पोरं झाली, पोरांना पोरं झाली. पोटातलं पाणी गावभर फिरून येतं. पोरं त्यात उतरली आणि तरंगत थेट चरबीमावशीच्या दारात लागली. मावशीचं घर म्हणजे आतड्यांवर पसरलेला चरबीचा जाड पदर. गावात तिच्याइतकं भरलेलं कोठार कुणाचंच नव्हतं. तिनं पोरांना पंगतीला बसवलं.

राखणदार धावत गेला. "मावशी, ही पोरं कुणाची?"

"असतील कुणाची तरी. भुकेल्याला गाव विचारू नये."

"अगं, ती तुझ्याच घराच्या भिंती पोखरताहेत!"

"तू जन्मात कधी कुणाला घास घातलायस? भाला परजण्यापलीकडे काय येतं रे तुला?"

राखणदारानं भाला उगारला. समोर एक पोर तोंड भरून खात होतं. एक घाव पुरला असता. तेवढ्यात सगळी आळी त्याच्याभोवती जमली. गवंडी, पाटकरी, मावशी, सगळे एका सुरात ओरडले, "रीत मोडतोस?"

त्याला दिसत होतं ते खरं होतं, हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं भाला टेकवला. नुसता टेकवून थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण चारचौघांत चांगलं म्हणवून घ्यायची चटक वाईट. पुढं त्या पोरांना पुढच्या आळीची वाट हाच दाखवू लागला.

वर बाईला दोन घासांत पोट भरल्यासारखं होऊ लागलं. परकराची नाडी कमरेला पुरेना. ती घरात बोलली, तर नवरा म्हणाला, "गॅस झाला असेल." सासू म्हणाली, "या वयात पोट सुटतंच." जाऊबाईनं ओवा दिला. बाईनं ओवा खाल्ला आणि पुन्हा भाकऱ्या थापायला बसली.

डॉक्टरांपर्यंत ती पोचली तेव्हा पोटात पाणी साठलं होतं. औषध रक्तातून गावात उतरलं, पण गवंड्यानं पेशीभोवती रचलेल्या भिंतींवर आपटून बरंचसं बाहेरच राहिलं. शेवटी डॉक्टरांनी पोट उघडलं. पेशीची आळी काढली, मावशीचं घर मुळापासून काढलं. बाई जगली, पण खाटेला खिळली.

गावात पंचायत बसली. सगळ्यांनी एकमुखानं पेशीच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. चोर ती, लबाड ती. खोटं नव्हतं.

"आणि पाट कुणी वळवला?" राखणदारानं विचारलं. "भिंती कुणी बांधल्या? वाट मी दाखवली, ते मी सांगतो. तुम्ही बोला."

"आम्ही रीत पाळली," गवंडी म्हणाला. पाटकऱ्यानं मान डोलावली. पंचांनी तेवढंच लिहून घेतलं आणि पंचायत उठली.

यातून घ्यायचं ते एवढंच: चोर एकटा गाव बुडवत नाही. त्याला शिधा, वाट आणि आडोसा देणारे शेजारी लागतात, आणि "आम्ही रीत पाळली" म्हणणाऱ्या शेजाऱ्याला सोडून दिलं, तर चोर पकडला असं म्हणू नये.

गेल्या आठवड्यात यकृताच्या कडेला गवंड्यानं नवी भिंत घातली. गिलावा अजून ओला आहे. तिथं जखम कुणाला झाली होती, हे गावात अजून कुणी सांगितलेलं नाही.