गोदाची फुगडी

"मग ही ओढाताण कसली, आक्का?"

गोदाने हे विचारलं तेव्हा म्हाळसाआक्का मठाच्या अंगणात सकाळचं ऊन खात बसल्या होत्या. आक्का मठाच्या गुरू. वय झालेलं, पण कणा ताठ. गोदा त्यांची सगळ्यांत जुनी शिष्या, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

"कसली गं ओढाताण?"

"मठात आले तेव्हापासून माझी चाल एकसारखी आहे. राग नाही, लोभ नाही. जपाचा वेग कधी वाढला नाही, कधी कमी झाला नाही. माझ्यात काही म्हणता काही बदलत नाही. तरी सारखं कुणीतरी ओढतंय असं वाटतं. थकले मी." गोदा म्हणाली. "म्हणजे दोष माझ्यात नाही, या जागेत आहे. मला जायची परवानगी द्या."



आक्का उठल्या आणि त्यांनी पदर खोचला. "ये. फुगडी घालू."

म्हातारीला चळ लागला, असंच गोदाला वाटलं. पण आज्ञा ती आज्ञा. हात गुंफले, पावलं जुळली, दोघी मागे रेलून गरागरा फिरू लागल्या. अंगण झाडणारी बाई खराटा टाकून बघतच राहिली.

"वेग वाढतोय?" आक्कांनी विचारलं.

"नाही."

"कमी होतोय?"

"छे! एकसारखा आहे." एवढ्या गरगरीतही गोदाला त्याचा अभिमान वाटला.

"मग हात का ताणलेत?"

"तुम्ही ओढताय."

"मला वाटलं, तूच ओढतेस."

गोदा गोंधळली. हात तर खांद्यातून निखळायला आले होते.

"काहीच बदलत नाही म्हणतेस ना? सांग बरं, तोंड कुणीकडे आहे तुझं?"

"विहिरीकडे... नाही, गोठ्याकडे... थांबा, वेशीकडे..."

"एक काय ते सांग."

"सांगेपर्यंत बदलतंय, आक्का!"

आपण काय बोललो ते गोदाच्या कानांवर पडलं, पण डोक्यात शिरेना. वेग तोच, पावलं तीच, मग हे काय होतंय? ती रडायच्या बेतात आली.

"सोडा मला!"

आक्कांनी हात सोडले.

गोदा नाकासमोर धडपडत गेली ती थेट कण्हेरीच्या आळ्यात जाऊन बसली. आक्काही तुळशीवृंदावनावर आदळता आदळता वाचल्या. दोघींना धाप लागली होती.

"हात ताणलेत अजून?"

"नाही."

"कुणी ओढतंय?"

गोदाने क्षणभर अंदाज घेतला... "नाही." तिला अगदी हायसं वाटलं, आणि का कोण जाणे, भीतीही वाटली. "मग... जाऊ मी?"

"जा की," आक्का पदर सारखा करत म्हणाल्या. "फक्त वाटेत कुठं वळू नकोस. वळलीस की ओढ आलीच."