टेमरची खोटी कविता

माणसांचा बाजार भरत असे, त्या काळातली ही गोष्ट. सातासमुद्रापार एका देशात कापसाचा मोठा मळा होता. मळ्यावर राबणारे सगळे काळे लोक मालकाचे गुलाम होते. आई गुलाम, म्हणून लेकरूही जन्मापासून गुलाम. टेमर अशीच जन्मली होती.

टेमर आणि तिची थोरली बहीण हॅना मालकाघरचं धुणं धुवायच्या. मालकाच्या म्हाताऱ्या आत्याची नजर अधू झाली, तेव्हा धर्मग्रंथ वाचून दाखवायला कुणी हवं, म्हणून तिने टेमरला अक्षरं शिकवली. अक्षरं आली आणि टेमरला कविता सुचू लागल्या. कपडे पिळता पिळता ती ओळी जुळवायची. मालकाला कळलं, पण तो रागावला नाही. पाहुणे आले की तो तिला कविता म्हणायला लावी. पोपट बोलताना पाहावा, तसे लोक तिच्याकडे पाहत.

एके वर्षी राज्याच्या सभेपुढे एक कायदा आला. गुलामांची लेकरं आईपासून तोडून विकायची नाहीत, एवढाच तो कायदा. पण मळेवाल्यांचे धाबे दणाणले. मालकाने टेमरला बोलावलं.

"एक कविता लिही. आम्ही इथे सुखात आहोत, आम्हाला काही कमी नाही, असं लिही. लिहिलीस तर तू मोकळी. तसा कागद करून देतो."

"आणि नाही लिहिली तर?"

"तर धुणं आहेच," मालक म्हणाला.

टेमरने हे हॅनाला सांगितलं. हॅना हातातला कपडा चोळत होती.

"माझी लेक रोडा आठ वर्षांची झाली," ती म्हणाली. "कायदा झाला तर ती माझ्याजवळ राहील. मला एवढंच कळतं."

"एका कवितेने कायदा थोडाच अडतो? मी सुटले तर बाहेरून तुमच्यासाठी काही करीन."

हॅनाने पुढचा कपडा पाण्यात बुडवला.

टेमरने कविता लिहिली. वाईट लिहिणं तिला जमतच नव्हतं, त्यामुळे ती फार गोड झाली. मालकाने शब्द पाळला. टेमर शहरात गेली आणि शिवणकाम करून राहू लागली.

कविता छापली गेली आणि सभेत वाचली गेली. एक पुढारी उठून म्हणाला, "त्यांचीच बाई सांगते, ते सुखात आहेत. मग कायदा हवा कुणाला?" कायदा बारगळला. त्याच हिवाळ्यात एका परमुलखातल्या व्यापाऱ्याने रोडाला विकत घेतलं.

बातमी कळताच टेमर मळ्यावर धावली. हॅना धुण्यापाशीच होती.

"मी आता खरं लिहिते, हॅना. सगळं लिहिते."

"लिही," हॅना मान वर न करता म्हणाली. "त्यांना हवं होतं ते तू देऊन बसलीस. आता तुझं ऐकायची त्यांना काय गरज?"

तसंच झालं. टेमरने खऱ्या कविता लिहिल्या, पण एकही छापखाना त्या घेईना. "आधी सुख म्हणालीस, आता दुःख म्हणतेस. लोकांनी कशावर विश्वास ठेवायचा?" असं म्हणून छापखानेवाले कागद परत करत.

शेवटी टेमरने कविता सोडली. ज्यांची लेकरं विकली गेली, अशा आईबापांसाठी ती गावोगाव पत्रं लिहू लागली. कुठे एखादा मुलगा सापडला, कुठे एखाद्या मुलीचा निरोप आला. हॅनासाठीही तिने वर्षानुवर्षं पत्रं लिहिली. म्हातारी झाली तरी लिहिली. रोडाचा पत्ता मात्र कधीच लागला नाही.

तात्पर्य: आपल्या एकट्याच्या सुटकेसाठी दुसऱ्याच्या दुःखाला सुख म्हणू नये; खोटं एकदा मानलं गेलं की मागून आलेल्या खऱ्याला कुणी दार उघडत नाही.